अठ्ठेचाळीस तासांनंतर

पुण्याहून सोलापूर, उमरगा करत हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग बसवकल्याणच्या बाजूने बीदर जिल्ह्यात शिरतो. पुढे हुमनाबादला नांदेड-देगलूरकडून बीदरमार्गे आलेला दुसरा महामार्ग त्याला मिळतो आणि खाली कलबुर्गीकडे उतरतो. उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या आणि त्यांना मागे दिवा नाही. तुरीच्या दिवसांत कलबुर्गीच्या बाजाराकडे निघालेले टेम्पो. या सगळ्यांतून वाट काढणारी, तिघांना घेऊन निघालेली मोटरसायकल. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले, १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. गेलेल्यांत शंभरामागे चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरचे होते. गेलेल्याचा हिशोब सरकारदरबारी पूर्ण होतो. जखमी माणूस रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडला की त्याचं पुढे काय झालं, हे कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही.

हा लेख त्या जखमींतल्या डोक्याला मार लागलेल्यांविषयी आहे. टाके निघाले, जखम भरली, माणूस घरी आला. आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्याचं मन आजारी पडलं. झोप उडाली, राग आवरेना, रडू थांबेना, बायकोवर संशय सुरू झाला, किंवा दिवसच्या दिवस भिंतीकडे बघत बसणं सुरू झालं. घरातली माणसं म्हणतात, “पहिल्यासारखा राहिला नाही.” या आजारपणाचा खर्च कोण करतं, हा माझा प्रश्न आहे. उत्तर सोपं आहे: घर करतं. घरालाच तो का करावा लागतो, ते पाहायला मात्र थोडं खोलात जावं लागेल.

कर्नाटकात २०१६ साली ‘मुख्यमंत्री सांत्वन हरीश योजना’ सुरू झाली. त्या वर्षी फेब्रुवारीत बेंगळुरूजवळच्या अपघातात हरीश नंजप्पा हा तरुण गेला. मरणाच्या दारात असतानाही त्याने डोळे दान करायला सांगितलं. त्याच्या नावाने ही योजना आली. कर्नाटकच्या रस्त्यावर जखमी झालेल्या कुणालाही, तो कुठल्याही राज्यातला असो, पहिल्या ४८ तासांत २५ हजार रुपयांपर्यंतचे उपचार मोफत. २०२५ च्या मे महिन्यात केंद्राची योजना आली: अपघाताच्या तारखेपासून सात दिवस, दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार. आयुष्मान भारतच्या कार्डावर दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. ते दाखल झालेल्या रुग्णाला मिळतं आणि घरी सोडल्यानंतर औषधांसह १५ दिवसांपर्यंत चालतं.

या योजना मी कमी लेखत नाही. त्यांनी जीव वाचवले आहेत. डोक्याला मार लागल्यावर पहिला तास आणि पहिला दिवस यांची किंमत कुठलाही न्यूरोसर्जन सांगेल. पण ४८ तास, सात दिवस, पंधरा दिवस अशी प्रत्येक पैशाला मुदत आहे आणि मनाचं आजारपण या सगळ्या मुदती संपल्यावर येतं.

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. गाडीवरून पडलेल्या माणसाचं डोकं रस्त्यावर आपटून थांबतं, आत मेंदू मात्र पुढे सरकतो. कपाळाच्या मागे आणि कानशिलांच्या आत कवटीचा तळ खडबडीत आहे, हाडाच्या कडा आहेत. मेंदूचे पुढचे आणि बाजूचे भाग त्यांवर घासतात. मार मागून लागला तरी पुढचा भाग दुखावतो तो यामुळेच. नेमक्या याच भागांकडे राग आवरणं, पुढचा विचार करणं, कामाला स्वतःहून हात घालणं, समोरच्याचा चेहरा वाचणं अशी कामं असतात. शिवाय झटक्याने मेंदूतले लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. हे ताणणं-तुटणं साध्या सीटी स्कॅनवर अनेकदा दिसत नाही. “रिपोर्ट नॉर्मल आहे,” असं सांगून घरी पाठवलेला माणूस म्हणूनच नॉर्मल असेलच असं नाही. पुढे तो चिडला, कामावर गेला नाही, तर त्याच रिपोर्टच्या आधारावर घरचे त्याला नाटकी ठरवतात. ‘रिपोर्ट नॉर्मल’ या दोन शब्दांनी या भागात किती घरं मोडली असतील, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

इतर देशांत मोजदाद झाली आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका आरोग्य विमा संस्थेच्या सभासदांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. डोक्याला मध्यम किंवा गंभीर मार लागलेल्यांपैकी ४९ टक्के लोकांना पहिल्या वर्षात मानसिक आजार होता. सौम्य मार लागलेल्यांत हे प्रमाण ३४ टक्के, तर मार न लागलेल्यांत १८ टक्के होतं. त्याच राज्यातल्या सिअ‍ॅटल शहरात ५५९ जखमींचा वर्षभर पाठपुरावा झाला. त्यांतल्या ५३ टक्क्यांना वर्षाच्या आत कधी ना कधी तीव्र नैराश्य आलं आणि नैराश्य आलेल्यांतल्या निम्म्यांनाही त्यावर उपचार मिळाले नव्हते. हे २०१० चं संशोधन आहे, तेही श्रीमंत देशातलं. फिनलंडमध्ये ६० जखमींना तब्बल तीस वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा जवळपास निम्म्यांना मार लागल्यानंतर कधी तरी मोठा मानसिक आजार होऊन गेला होता. तीस वर्षं! आणि आपल्याकडची सर्वांत लांब मुदत पंधरा दिवसांची.

आपल्या देशात बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. मानसिक आजार असलेल्या माणसाच्या कुटुंबाला उपचार आणि त्यासाठीचा प्रवास यांवर महिन्याला हजार ते दीड हजार रुपये खर्च येतो, असं त्यात दिसलं. या सर्वेक्षणात बारा राज्यं होती आणि त्यांत कर्नाटक नव्हतं, महाराष्ट्रही नव्हता. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरचा माणूस इथेही मोजणीतून सुटला.

* * *

आता बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यातलं एक घर समजू. हे कुणा एकाचं घर नाही, हिशोब मांडता यावा म्हणून उभं केलं आहे. बत्तीस वर्षांचा गडी, स्लॅबच्या कामावर जाणारा. बायको शेतमजूर. दोन मुलं, म्हातारी आई. गड्याच्या डोक्याला मार लागला, शस्त्रक्रिया झाली, ती योजनेत बसली. इथवर ठीक. तीन महिन्यांनी त्याचं बिनसलं. आता तो कामावर जात नाही. गेला तर भांडतो, शिडीवर चढला तर चक्कर येते, मुकादम त्याला नको म्हणतो. त्याला एकटं सोडता येत नाही म्हणून बायकोची मजुरीही बुडते.

कर्नाटकात २०२५-२६ साठी रोजगार हमीचा दर दिवसाला ३७० रुपये ठरला. खासगी मजुरी कमी-जास्त असेल, आपण हाच दर धरू. गड्याचे वर्षात फक्त २०० दिवस बुडाले असं मानलं तरी ७४ हजार रुपये गेले. बायकोचे १०० दिवस बुडाले तर ३७ हजार. दोन्ही मिळून एक लाख अकरा हजार. आता सर्वेक्षणातला उपचार आणि प्रवासाचा आकडा, तोही दहा वर्षांपूर्वीच्या भावाने, धरा: वर्षाला १२ ते १८ हजार. म्हणजे दवाखाना, गोळ्या आणि एसटी मिळून एकूण फटक्याच्या दहा ते चौदा टक्के होतात. उरलेला सगळा बुडालेल्या मजुरीचा. आपण आरोग्याच्या खर्चाबद्दल बोलतो तेव्हा या दहा-चौदा टक्क्यांबद्दल बोलतो आणि त्यांतलाही फक्त दाखल झाल्यावरचा भाग योजनेत बसवतो.

बाह्यरुग्ण विभागातली रोजची गोळी योजनेत नाही. झटके येऊ नयेत म्हणूनची गोळी, झोपेची, नैराश्याची, कधी संशय कमी करणारी, अशा तीन-चार गोळ्या महिनोन्‌महिने लागतात. सरकारी दवाखान्यात त्या मिळाल्या तर फुकट, तिथे नसल्या तर बाहेरून. पैसे संपले की पहिली काटछाट इथेच होते, ‘आता बरा दिसतोय’ असं म्हणून. मग एक दिवस झटका येतो, माणूस पडतो, डोक्याला पुन्हा मार लागतो, किंवा रागाच्या भरात घरात कुणाला तरी इजा होते आणि दाखल करावं लागतं. दाखल केलं की कार्ड चालतं! महिन्याची गोळी न देणारी व्यवस्था त्या गोळीच्या अभावाने आलेल्या आजारपणाचे हजारो रुपये भरते. सरकारच्या तिजोरीच्या बाजूनेही हा हिशोब खोटा आहे.

औषधांबद्दल आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती फार थोड्या घरांना सांगितली जाते. मेंदूच्या दुखापतीनंतर झटके टाळायला दिलं जाणारं लेव्हेटिरासिटॅम हे औषध चांगलं आहे, पण काही जणांत त्याने चिडचिड आणि आक्रमकपणा वाढतो. म्हणजे माणूस मारामुळे चिडका झालाय की गोळीमुळे, हा प्रश्न डॉक्टरला विचारण्यासारखा असतो. गोळी मनाने बंद करणं धोक्याचं आहे, झटका जीव घेऊ शकतो. पण हा प्रश्न ज्याला विचारायचा तो डॉक्टर दीडशे किलोमीटरवर असतो आणि तिथे जायचं म्हणजे आणखी एक दिवस बुडतो. एका बदललेल्या गोळीने जे थांबलं असतं, ते घर वर्षभर सोसत राहतं.

* * *

इथला माणूस उपचाराला कुठे जातो, हे समजायला १९५६ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्य मोडलं आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठवाड्यात आले. झहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात गेले. नकाशे बदलले, सोयरिकी बदलल्या नाहीत. भालकी-कमलनगरच्या मराठी घरांच्या लेकी उदगीर-निलंग्याला दिलेल्या, आळंदच्या घरांची ये-जा अक्कलकोट-उमरग्याला. त्यामुळे आजही डोक्याला मार लागला की गाडी ज्या दिशेला ओळखीचा माणूस आहे त्या दिशेला वळते: कुणाची लातूरला, कुणाची सोलापूरला, कुणाची थेट हैदराबादला. शस्त्रक्रिया एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात, अपघात झाला ते पोलीस ठाणं कधी तिसऱ्याच राज्यात.

पहिल्या दिवशी हे चालून जातं, अडतं ते पुढे. घराजवळच्या मानसोपचारतज्ज्ञाला शस्त्रक्रियेचे कागद लागतात, ते दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयात असतात. अपंगत्वाचा दाखला बीदर किंवा कलबुर्गीला काढायचा असतो आणि तिथलं कामकाज कानडीत चालतं. स्मरणशक्तीची तपासणी तर भाषेवरच चालते: शब्द ऐकायचे, थोड्या वेळाने परत सांगायचे, गोष्ट ऐकून तिचा सारांश द्यायचा. कमलनगरचा शेतकरी बाजारापुरतं कानडी बोलतो, हैदराबादेत दखनी बोलतो, पण तपासणी मराठीत झाली नाही तर त्याचं विसरणं मेंदूचं आहे की भाषेचं, हे कळणार कसं? मनातलं दुःख तर परक्या भाषेत निघतच नाही.

प्रवासाचंही तसंच. जून २०२३ पासून कर्नाटकात राज्याच्या बसमध्ये महिलांना तिकीट नाही. भालकीहून कलबुर्गीला जाताना बायकोचं तिकीट त्यामुळे वाचतं, रुग्णाचं लागतंच. तीच बाई नवऱ्याला घेऊन सोलापूरला गेली तर ती सवलत सीमेपलीकडे चालत नाही. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ते पुढच्या टप्प्यासाठी. कर्नाटकातल्या मनाच्या मोठ्या रुग्णालयांची नावं घ्यायची तर धारवाड आणि बेंगळुरू. बीदरहून धारवाड चारशे किलोमीटरहून लांब, बेंगळुरू सातशेच्या आसपास. निम्हान्समध्ये गरिबाला फुकट उपचार मिळतात हे खरं, पण रुग्ण, सोबतीला एक माणूस, दोन दिवसांचा प्रवास आणि तिथलं राहणं हे फुकट नसतं.

सीमेच्या या माणसाची आठवण दोन्ही राज्यांना अधूनमधून होते. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ मराठी गावांसह बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकी या शहरांवरचा हक्क सांगणारा ठराव एकमताने केला. पुढे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना याच ८६५ गावांना लागू करायचा निर्णय महाराष्ट्राने घेतला. चार जिल्हे, बारा तालुके आणि त्यांत बीदर-कलबुर्गीही. कर्नाटक सरकारने त्याला कडाडून विरोध केला. ही एका राज्याने दुसऱ्याच्या हद्दीत केलेली ढवळाढवळ आहे, असं तिथल्या नेत्यांचं म्हणणं. मला या वादात न्यायनिवाडा करायचा नाही. तो खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढं मात्र दिसतं की ज्या योजनेवरून दोन सरकारं भांडली तीही दाखल झालेल्या रुग्णाचीच आहे. वाद उद्या मिटला, दोन्ही राज्यांची कार्डं एकाच घरात आली, तरी भालकीच्या त्या घरात महिन्याची गोळी येणार नाही.

* * *

दवाखान्याच्या आधी किंवा त्याच्याबरोबरीने इथली घरं गाणगापूरला जातात. कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफझलपूर तालुक्यात भीमा-अमरजेच्या संगमावर हे दत्तक्षेत्र आहे. नृसिंह सरस्वतींच्या निर्गुण पादुका इथे आहेत आणि महाराष्ट्रातून लाखो लोक येतात. बाधा झालेली माणसं इथे बरी होतात ही जुनी श्रद्धा. माध्यान्हीच्या आरतीला झांजा-नगारे सुरू झाले की काही जण घुमू लागतात, ओरडतात, खांबावर चढतात. कलबुर्गी शहरात ख्वाजा बंदेनवाजांच्या दर्ग्यात आणि आळंदला लाडले मशायखांच्या दर्ग्यातही हिंदू-मुसलमान दोघेही आपलं दुखणं घेऊन जातात. ‘बाहेरचं झालंय’ हे निदान इथे सर्वांत आधी होतं.

या घरांना अडाणी म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. शहाणासुरता माणूस अपघातातून बरा होऊन आला, रिपोर्ट नॉर्मल आहे आणि तरी तो तो राहिलेला नाही. दुसरंच कुणी तरी त्याच्यात शिरलंय, असं वाटायला हे पुरेसं आहे. ज्या डॉक्टरने टाके घातले त्याने ‘पुढे असं होऊ शकतं’ हे सांगितलेलंच नसतं. गाणगापुरात घुमणाऱ्या माणसाला कुणी हसत नाही. त्याच्या बायकोला धर्मशाळेत तिच्यासारख्याच दहा जणी भेटतात. ही जागा कुठल्याही रुग्णालयाने त्या बाईला दिलेली नाही.

पण या जागेचीही किंमत आहे. महिना-दोन महिने मुक्काम, तेवढे दिवस मजुरी बंद, मुलं आजीकडे, आणि सर्वांत वाईट म्हणजे तेवढ्या काळात गोळ्या बंद. कुणी मांत्रिक भेटला तर बकरं, कोंबडं, अंगठी, हजारोंचा उतारा. माणसाला बांधून ठेवणाऱ्या जागा तर जिवाशीच खेळतात. तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी आश्रमात ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली आणि साखळीने बांधलेल्यांसह २८ जण जळून मेले. मनोरुग्णाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे. अमानुष प्रथांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली आणि कर्नाटकात २०१७ साली कायदेही झाले. माझा ओढा मात्र गुजरातेतल्या उनावा गावाकडे जास्त आहे. तिथल्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा-दुआ’ नावाचं काम चाललंय: दुआ मागायला आलेल्याला मुजावरच शेजारच्या मानसोपचाराच्या दवाखान्यात पाठवतो. गाणगापूरच्या संगमावर असा एक दवाखाना, मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारा, का नसावा? माणसं तिथे आधीच आलेली आहेत. त्यांना सातशे किलोमीटर दूर बोलवायची गरजच नाही.

* * *

कायद्याच्या पुस्तकात या माणसाला पुष्कळ काही दिलेलं आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली झाला आणि २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. दारिद्र्यरेषेखालच्या मनोरुग्णाला, त्याच्याकडे तसं कार्ड असो वा नसो, मोफत उपचार मिळाले पाहिजेत, असं त्याचं कलम १८ म्हणतं. कलम २१ सांगतं, की शारीरिक आजाराला जसा विमा मिळतो तसाच मानसिक आजाराला मिळाला पाहिजे. विमा नियामकाने त्यासाठी २०१८ च्या ऑगस्टमध्ये परिपत्रक काढलं, तरी कंपन्या हलेनात म्हणून २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा काढावं लागलं. ज्याच्याकडे विमाच नाही त्याला याचा उपयोग नाही आणि ज्याच्याकडे आहे त्याच्या विम्यातही बहुधा दाखल झाल्याशिवाय पैसे नाहीत.

अपंगत्वाचा २०१६ चा कायदा एकवीस प्रकार मोजतो. मानसिक आजार त्यांत आहे, दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार आहेत. अपघाताने झालेली मेंदूची दुखापत असं स्वतंत्र नाव त्या यादीत नाही. मग हा माणूस कुठल्या खान्यात बसतो? हात-पाय धड आहेत म्हणून अस्थिव्यंगाचा डॉक्टर मानसोपचाराकडे पाठवतो, मानसोपचारवाला म्हणतो मेंदूची तपासणी करून आणा. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही विमा योजना बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधांनाही लाखभरापर्यंत पैसे देते, म्हणजे नेमकं याला हवं तेच. पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. बत्तिसाव्या वर्षी स्लॅबवरून किंवा गाडीवरून पडलेला गडी सहसा तिच्यात बसत नाही.

भरपाईचा रस्ता मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा. तिथे २०१९ च्या दुरुस्तीने मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली: अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. मोडलेला पाय सहा महिन्यांत दिसतो. मोडलेलं मन कधी आठव्या महिन्यात उघडं पडतं, तोवर वकिलाने पायाचे पैसे मागून दावा मिटवलेलाही असतो.

न्यायालयाला मात्र हा खर्च दिसू शकतो, याचा दाखला आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेंदूला गंभीर इजा झालेल्या एका मुलीच्या खटल्यात भरपाई वाढवून ६२ लाखांवर नेली. अपघातावेळी ती बारा वर्षांची होती, आईवडिलांसोबत ट्रॅक्टरवरून जात होती. त्या रकमेत तिला सांभाळणाऱ्या दोन माणसांचा पगार धरला होता: दोघांचे मिळून महिन्याला दहा हजार, त्याला बारा महिने आणि अठराचा गुणक, म्हणजे २१ लाख ६० हजार. घरच्या बाईच्या राबण्याला आपण पैशात धरत नाही, न्यायालयाने ते धरलं. भालकीच्या त्या घरातली बायको हेच काम रोज करते. तिच्या नावावर कुठेच एक रुपया पडत नाही.

आणि बायकांना स्वतःला लागलेला मार? रस्ता अपघाताची निदान नोंद होते. दारुड्या नवऱ्याने भिंतीवर डोकं आपटलं तर बाई दवाखान्यात सांगते, ‘न्हाणीत घसरले.’ पोलिसांत नोंद नाही, अपघाताची योजना नाही, दावा नाही. पुढे ती विसरभोळी झाली, रडू लागली, स्वयंपाक करपवू लागली तर त्याबद्दल पुन्हा मार. मेंदूच्या दुखापतींच्या आकडेवारीत हा भाग अंधारातच राहतो. रुग्णालयातली एखादी परिचारिका नवऱ्याला बाहेर पाठवून एक प्रश्न विचारील, तर त्यातला थोडा उजेडात येईल.

* * *

मनाच्या आजाराचा उपचार तालुक्याला होऊ शकत नाही असं कुणी म्हणत असेल, तर त्याला याच विभागातलं उत्तर आहे. १९८५ मध्ये निम्हान्सने बळ्ळारी जिल्हा निवडला. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या साध्या डॉक्टरांना आणि आरोग्यसेवकांना शिकवलं, मोजकी औषधं पुरवली, आणि झटके, गंभीर मनोविकार, नैराश्य यांचे उपचार गावाजवळ होतात हे दाखवून दिलं. १९९६ मध्ये देशाने स्वीकारलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हा याच ‘बळ्ळारी मॉडेल’वर उभा आहे. बळ्ळारी आणि बीदर आज एकाच कल्याण कर्नाटक विभागात येतात. कर्नाटकाच्या ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ तालुका रुग्णालयांत बसतात. २०२२ च्या १० ऑक्टोबरपासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही फोनवरची समुपदेशन सेवा आहे, फुकट आणि मराठीतही.

म्हणजे अलीकडे शस्त्रक्रियेचा वॉर्ड आहे, पलीकडे मंगळवारचा दवाखाना आहे. मधला दुवा तेवढा नाही. बीदरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून, कलबुर्गीच्या सरकारी रुग्णालयातून किंवा सोलापूरच्या सिव्हिलमधून घरी निघालेल्या डोक्याच्या प्रत्येक जखमीला सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने आपल्या तालुक्याच्या मंगळवारच्या तपासणीची तारीख द्यायची, आशा कार्यकर्तीला त्याचं नाव कळवायचं आणि तपासणीत झोप, राग, उदासी, संशय, झटके या पाच गोष्टी विचारायच्या. याला नवी इमारत लागत नाही, नवं यंत्र लागत नाही. लागतात त्या वर्षभराच्या गोळ्या आणि डिस्चार्ज कार्डावर दोन ओळींची जागा.

ती व्यवस्था येईल तेव्हा येईल. तोवर ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी सोडताना डॉक्टरकडून कार्डावर दोन वाक्यं मागून घ्यावीत: मार मेंदूच्या कुठल्या भागाला लागला आणि पुढे वागण्यात बदल होण्याची शक्यता आहे का. दाव्याचा वकील, अपंगत्वाचा दाखला देणारा डॉक्टर आणि मंगळवारचा मानसोपचारतज्ज्ञ या तिघांनाही हाच कागद लागतो. सीटीच्या फिल्म घडी न घालता ठेवाव्यात. माणूस कोणत्या दिवसापासून बदलला त्याची तारीख आणि त्यानंतर बुडालेले दोघांचे मजुरीचे दिवस वहीत लिहावेत. दावा दाखल करायचा असेल तर पाचवा महिना संपायच्या आत मानसोपचारतज्ज्ञाची एक तपासणी करून घ्यावी आणि तो कागद दाव्याला जोडावा.